धावपट्टीपलीकडचा समुद्र

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,950 किलोमीटरवर सेंट हेलेना हे बेट आहे. क्षेत्रफळ 122 चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आत. ब्रिटिशांनी 1815 मध्ये नेपोलियनला इथे आणून ठेवले आणि 1821 मध्ये तो इथेच वारला, एवढ्यापुरते हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे असते. त्याच्या कैदेसाठी हे बेट निवडले गेले, कारण इथून पळून जाणे जवळजवळ अशक्य होते. पुढे दोनशे वर्षांनी याच बेटावर ब्रिटनने 28 कोटी 55 लाख पौंड खर्चाचा विमानतळ प्रकल्प उभारला. मे 2016 मध्ये त्याचे उद्घाटन व्हायचे होते. प्रत्यक्षात पहिले नियमित प्रवासी विमान उतरले ते 14 ऑक्टोबर 2017 रोजी. मधल्या काळात ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ ठरवून टाकले होते.

तो शिक्का आता पुसट झाला आहे, पण त्यामागचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. दूरच्या बेटाला विमानतळ मिळाला म्हणजे ते मुख्य भूमीशी जोडले गेले असे म्हणता येते का? आणि तो दुवा फळाला आला की नाही, हे कोणत्या मापाने ठरवायचे? सेंट हेलेनाचा अनुभव सांगतो की धावपट्टी एकदा बांधून होते, पण दुवा आठवड्यामागून आठवडे राखावा लागतो. या प्रकल्पातल्या मोठ्या चुका या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे झाल्या, आणि त्याचे मोठे यश नजरेआड राहिले तेही त्याच कारणाने. म्हणून हा आढावा.

जहाजांच्या वाटेवरचे बेट

सेंट हेलेना आजच्याइतके एकाकी नेहमीच नव्हते. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोवा याला हे निर्मनुष्य बेट 1502 मध्ये सापडले असे मानतात. 1659 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने इथे वसाहत केली, ती गोडे पाणी आणि ताजा भाजीपाला यांसाठी. हिंदुस्थानातून इंग्लंडला परतणारी कंपनीची जहाजे इथे थांबत. महाराष्ट्राच्या इतिहासाशी या बेटाचा धागा जुळतो तोही याच वाटेवर. 1803 मध्ये असईच्या लढाईत शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली 1805 मध्ये मायदेशी जाताना इथे ‘द ब्रायर्स’ या घरी उतरला होता. पुढे वॉटर्लूला त्याने ज्याचा पाडाव केला, त्या नेपोलियनचेही या बेटावरचे पहिले काही आठवडे त्याच ब्रायर्सच्या आवारात गेले.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि बेट वाटेवरून बाजूला पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षाकाठी हजारावर जहाजे नांगर टाकत. 1889 पर्यंत ती तीनशेच्या आत आली. बेटावर काही बिघडले नव्हते, बदलला होता तो जगाचा रस्ता. विसाव्या शतकात घायपातासारख्या एका वनस्पतीच्या धाग्याचा व्यवसाय इथे भरभराटीला आला होता. ब्रिटिश टपाल खाते त्याची सुतळी वापरी. खात्याने कृत्रिम धागा घेतला आणि 1966 मध्ये शेवटची गिरणी बंद पडली. आपल्या पोटाचे निर्णय हजारो किलोमीटरवर होतात, हा या बेटाचा जुना अनुभव आहे. विमानतळाची कथा वाचताना तो लक्षात ठेवावा लागतो.

केपटाउनमार्गे जाणारी युनियन-कॅसल कंपनीची टपालजहाजे 1977 मध्ये थांबली. त्यानंतर एका खास जहाजाने बेटाला बाहेरच्या जगाशी जोडून ठेवले. त्याचे नावही बेटाचेच, आरएमएस सेंट हेलेना. दुसरे, अधिक मोठे आरएमएस खास या कामासाठी ॲबर्डीन इथे बांधले गेले आणि 1990 मध्ये सेवेत आले. केपटाउनहून निघाले की पाच रात्रींनी ते बेटाच्या राजधानीसमोर, जेम्सटाउनसमोर, उभे राही. माणसे, टपाल, औषधे, बटाटे, मोटारी, सारे त्यातूनच येई. मोठ्या जहाजाला धक्क्याला लागण्याची सोय नव्हती. माल पडावांत उतरवावा लागे आणि प्रवासी लहान होडीतून पायऱ्यांशी येऊन, वर टांगलेला दोर पकडून, लाटेचा अंदाज घेत किनाऱ्यावर पाय ठेवत.

या जहाजावर बेटकऱ्यांचा जीव होता. पण ती व्यवस्था महाग होती आणि जहाज म्हातारे होत चालले होते. अडल्यानडल्याला त्याची वाट पाहणे जिवावर बेतू शके. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप इंग्लंडमध्ये मुलाला मिळे, पण पुढचे जहाज निघून पोचेपर्यंत अनेकदा सारे संपलेले असे.

निर्णय व्हायला लागलेला वेळ

1981 च्या नागरिकत्व कायद्याने इथल्या लोकांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला होता. बेटाच्या शोधाला पाचशे वर्षे झाली त्या दिवशी, 21 मे 2002 रोजी, पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व त्यांना परत मिळाले. त्याच वर्षी विमानतळ हवा की जहाज, यावर बेटकऱ्यांचे आणि बाहेर राहणाऱ्या त्यांच्या भाईबंदांचे मत घेतले गेले. सत्तर टक्क्यांहून अधिक मते विमानतळाला पडली.

मार्च 2005 मध्ये ब्रिटिश सरकारने 2010 पर्यंत विमानतळ देण्याचे जाहीर केले. 2008 च्या आर्थिक संकटात काम थांबले. 2010 मध्ये आलेल्या नव्या सरकारने ते पुन्हा हाती घेतले आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बेसिल रीड या कंपनीशी करार झाला. इतक्या वर्षांत नागरिकत्व परत मिळालेले अनेक तरुण ब्रिटनला निघून गेले होते. लोकसंख्या घटत होती आणि मागे राहिलेल्यांचे सरासरी वय वाढत होते.

बांधकाम मात्र अवघड आणि देखणे झाले. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटावर सपाट जमीन फारशी नाही. पूर्वेकडच्या प्रॉस्परस बे प्लेन या पठारावर जागा निवडली, पण धावपट्टीच्या लांबीत ड्राय गट नावाची खोल घळ येत होती. सुमारे 80 लाख घनमीटर दगडमाती टाकून ती भरून काढली. त्याआधी यंत्रे उतरवण्यासाठी रुपर्ट्स बे इथे तात्पुरता धक्का आणि तिथून पठारापर्यंत सुमारे 14 किलोमीटरचा घाटरस्ता बांधावा लागला. 1,950 मीटरची काँक्रीटची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर तयार झाली. 15 सप्टेंबर 2015 रोजी पहिले विमान, उपकरणांच्या तपासणीसाठी आलेले एक छोटे बीचक्राफ्ट, तिच्यावर उतरले.

या रस्त्याच्या कामात बेटाला आपल्या इतिहासाच्या एका फार दुःखद भागाला सामोरे जावे लागले. 1840 नंतर ब्रिटिश नौदलाने अटलांटिकमध्ये पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरचे सुमारे 27 हजार आफ्रिकी लोक इथे उतरवले गेले होते. त्यांतले सुमारे आठ हजार उपासमारीने आणि रोगांनी मेले आणि रुपर्ट्स खोऱ्यात पुरले गेले. रस्त्याची आखणी त्या दफनभूमीतून जात होती. 2008 च्या सुमारास तिथून 325 जणांचे अवशेष काढावे लागले आणि ते जेम्सटाउनमधल्या एका कोठीत राहिले. त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन व्हायला 2022 साल उजाडले. विमाने येऊ लागून तोवर पाच वर्षे होत आली होती. प्रकल्पाचा हिशेब मांडताना हा विलंबही त्यात धरायला हवा.

वारा

18 एप्रिल 2016 रोजी कॉमएअर कंपनीचे, ब्रिटिश एअरवेजच्या रंगातले बोइंग 737-800 चाचणीसाठी आले. उत्तरेकडून उतरण्याचा पहिला प्रयत्न वैमानिकाला सोडून द्यावा लागला. धावपट्टीच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग आणि दिशा एकाएकी बदलत होती. वैमानिकांच्या भाषेत हे विंड शिअर, आणि उतरत्या विमानाला याहून धोक्याच्या गोष्टी थोड्याच असतील.

कारण भूगोलात होते. सेंट हेलेनावर आग्नेयेचे व्यापारी वारे वर्षभर वाहतात. ते समुद्रावरून संथ येतात, पण बेटाच्या पूर्वेच्या उभ्या कड्यांवर आणि सुळक्यांवर आपटले की वर उसळतात, भोवरे धरतात. धावपट्टी याच कड्यांच्या माथ्यावर, वाऱ्याला तिरपी आहे. विमान उत्तरेकडून उतरले तर वारा समोरून येतो, ही एरवी चांगली गोष्ट. पण नेमक्या शेवटच्या क्षणांत ते या खळबळीतून जाते. दक्षिणेकडून उतरले तर हवा शांत मिळते, मात्र वारा पाठीमागून ढकलतो आणि थांबायला जास्त लांबी लागते. मोठ्या विमानाला ती 1,950 मीटरमध्ये पुरत नाही.

चार्ल्स डार्विन जुलै 1836 मध्ये या बेटावर आला होता. सुमारे हजार फुटांच्या एका कड्याच्या काठावर तो उभा होता तिथे हवा स्थिर होती आणि अवघ्या काही यार्डांवर पक्षी जोराच्या वाऱ्याशी झुंजत होते, हे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून ठेवले आहे. म्हणजे इथल्या कड्यांवरचा वारा कसा वागतो याचे वर्णन 180 वर्षे छापील पुस्तकात होते. बेटावरच्या माणसांना तो अनुभवाने माहीत होता. कमतरता होती ती प्रवासी विमान या वाऱ्यात उतरेल का, हे करार होण्याआधी पुरेसे तपासण्याची.

ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने डिसेंबर 2016 च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले. वाऱ्याचा व्यापारी विमानांवर काय परिणाम होईल याची खात्री न करता विमानतळ बांधून पूर्ण केला, हे समितीला थक्क करणारे वाटले. बेटाची वस्ती पाहता माणशी खर्च साठ हजार पौंडांच्या वर जातो, आणि हा पैसा ब्रिटिश करदात्यांचा होता. समितीचा राग रास्त होता. पण वृत्तपत्रांनी त्यातून काढलेला निष्कर्ष, की आता तिथे काहीच उतरू शकणार नाही, चुकीचा ठरला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रुग्णवाहक विमान उतरून एका रुग्णाला घेऊन गेले होते. विमानतळ एका विशिष्ट आकाराच्या विमानासाठी आणि एका विशिष्ट नफ्याच्या गणितासाठी आखला होता. ते गणित मोडले, पण त्याने धावपट्टी निकामी झाली नाही.

शनिवारचे विमान

मे 2017 मध्ये एक बोलकी गोष्ट घडली. आरएमएस बिघाडामुळे केपटाउनला अडकले होते आणि प्रवासी दोन्हीकडे खोळंबले होते. दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीच्या छोट्या जेटने फेरी करून त्यांची सुटका केली. जहाजाला मदत करायला विमान आले होते. त्या वर्षी एअरलिंकशी नियमित सेवेचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्गहून एम्ब्राएर 190 येऊ लागले, आठवड्यातून एकदा, शनिवारी.

या एका फेरीमागे किती तजवीज लागते ते पाहण्यासारखे आहे. सेंट हेलेनाला उतरता आले नाही तर जवळ दुसरा विमानतळ नाही. सर्वांत जवळचे असेन्शन बेट 1,300 किलोमीटरवर आहे. म्हणून विमान नामिबियात इंधन भरते, सुरुवातीच्या काळात विंडहुकला आणि पुढे समुद्रकाठच्या वॉल्विस बे इथे, आणि समुद्र ओलांडून पुन्हा तिथेच परत येता येईल इतका साठा घेऊन निघते. पाठीमागच्या वाऱ्यात कमी लांबीत थांबता यावे म्हणून वजन कमी ठेवावे लागते. त्यामुळे सुरुवातीला शंभराच्या आसपास आसनांच्या विमानात 76 प्रवाशांचीच मर्यादा होती. वैमानिकांना या धावपट्टीचे खास प्रशिक्षण लागते. धुके किंवा वारा यांमुळे फेरी दुसऱ्या दिवसावर गेली की प्रवाशांच्या राहण्याची सोय, पुढची जोडविमाने, सगळे कोलमडते.

आणि या विमानाचे इंधन बेटावर येते ते जहाजानेच. अन्नधान्य, सिमेंट, गॅसही जहाजानेच येतात. आरएमएस 10 फेब्रुवारी 2018 रोजी बेटावरून अखेरचे निघाले. त्याची जागा एमव्ही हेलेना या मालवाहू जहाजाने घेतली, जे महिन्याच्या आसपासच्या अंतराने येऊ लागले. दुकानातली मांडणी कधी भरलेली असेल आणि कधी रिकामी, हे अजून जहाजच ठरवते. विमानतळ प्रकल्पातून रुपर्ट्स बे इथे कायमचा धक्का झाला आणि मोठे मालवाहू जहाज थेट लावता येऊ लागले, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. रोजच्या जगण्यासाठी तिचे मोल धावपट्टीइतकेच असावे.

मिळाले काय

सर्वांत मोठा लाभ आजारी माणसाला झाला. बेटावर रुग्णालय आहे, पण अवघड शस्त्रक्रिया किंवा विशेष उपचार तिथे होत नाहीत. पूर्वी जहाज येईपर्यंत थांबायचे आणि मग पाच दिवस समुद्रावर काढायचे. आता दक्षिण आफ्रिकेतून रुग्णवाहक विमान मागवता येते. उपचाराविना गेले असते असे किती जण आज जिवंत आहेत, याचा रकाना कोणत्याही नफातोटा पत्रकात नसतो.

दुसरा लाभ कुटुंबांना. फॉकलंड, असेन्शन आणि ब्रिटनमध्ये राबणाऱ्या बेटकऱ्यांना दोन-तीन आठवड्यांच्या रजेत घरी येऊन जाता येते. जहाजाच्या काळात तेवढी रजा बहुतांशी समुद्रातच संपे. असेन्शनची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथल्या वाइडअवेक धावपट्टीची दुरवस्था झाल्याने 2017 पासून ब्रिटनहून येणारी मोठी विमाने काही वर्षे बंद पडली. त्या काळात सेंट हेलेनाहून महिन्यातून एकदा जाणारे एअरलिंकचे विमान असेन्शनला मोठा आधार ठरले. निरुपयोगी म्हटलेली धावपट्टी शेजारच्या बेटाच्या कामी आली.

तिसरी कसोटी कोविडची. मार्च 2020 मध्ये नियमित विमाने थांबली. मग सरकारने भाड्याची विमाने इंग्लंडहून अक्रामार्गे आणवली. त्यांतून औषधे, तपासणीचे साहित्य, डॉक्टर, अडकलेली माणसे आली-गेली. नियमित सेवा मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. धावपट्टी नसती आणि आरएमएसही उरले नसते, तर ती दोन वर्षे कशी गेली असती याचा विचारही नकोसा वाटतो.

मिळाले नाही ते

प्रकल्पाचे समर्थन मात्र पर्यटनावर उभे होते. वर्षाला दीड हजारांच्या आसपास येणारे पर्यटक 2042 पर्यंत सुमारे 29 हजार होतील आणि मग बेटाला ब्रिटनच्या अनुदानाची गरज उरणार नाही, असा अंदाज होता. आठवड्याला एक विमान आणि त्यात शंभराच्या आतबाहेर माणसे, एवढ्यावर तो आकडा गाठताच येत नाही. आसने मोजकी, म्हणून तिकीट महाग. तिकीट महाग, म्हणून प्रवासी थोडे. प्रवासी थोडे, म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. उन्हाळी हंगामात केपटाउनहून जादा फेरी घालून हे चक्र तोडण्याचा प्रयत्न झाला. पण हॉटेलात पैसा गुंतवणाऱ्याला लागते ती शाश्वती त्यातून अजून आलेली नाही.

बेटाजवळ पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नेपोलियनचे लाँगवुड हाउस आहे, 699 पायऱ्यांचा जेकब्स लॅडर आहे, वर्षाच्या आरंभी देवमाशासारखे अजस्र व्हेल शार्क किनाऱ्यालगत येतात, आणि 1832 च्या सुमारास जन्मलेले मानले जाणारे जोनाथन हे कासव गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात आहे. वायरबर्ड हा टिटवीच्या कुळातला छोटा पक्षी जगात फक्त इथे सापडतो. ज्या पठारावर धावपट्टी आली तेही इथल्याच खास कीटकांचे आणि कोळ्यांचे माहेरघर. 29 हजार पर्यटक खरोखरच आले असते तर या साऱ्यावर काय भार पडला असता, हा प्रश्न अंदाज बांधणाऱ्यांनी पुरेसा गंभीरपणे घेतला होता असे वाटत नाही.

गेलेली तरुण पिढीही विमानामुळे परतली नाही. वाट दोन्ही बाजूंनी चालती असते; येणे सोपे झाले तसे जाणेही. ऑक्टोबर 2023 मध्ये समुद्रतळाच्या इक्वियानो केबलने बेट जगाच्या वेगवान इंटरनेटशी जोडले गेले. घरी राहून बाहेरचे काम करणे त्यामुळे शक्य झाले आहे. तरुणांना थोपवून धरण्यात धावपट्टीपेक्षा ही केबल अधिक उपयोगी पडेल, असे मानायला जागा आहे.

इतर बेटांचे धडे

हे एकाच बेटाचे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे 3,700 किलोमीटरवरच्या ईस्टर बेटावर उलटे घडले. तिथे 1967 मध्ये नियमित विमानसेवा आली. अमेरिकी अवकाशयानाला आणीबाणीत उतरता यावे म्हणून 1980 च्या दशकात धावपट्टी लांबवली गेली, आणि मोठी विमाने सहज येऊ लागली. आठ हजारांच्या आतल्या वस्तीवर वर्षाला लाखभर पर्यटक लोटले. पाणी, कचरा, जमीन या सगळ्यावर ताण आला आणि 2018 मध्ये परक्या माणसाचा मुक्काम तीस दिवसांवर आणणारा कायदा करावा लागला. लांब धावपट्टीचे संकट लहान धावपट्टीच्या संकटापेक्षा कमी नसते.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाने मधला मार्ग काढला. 1974 पर्यंत तिथे पाण्यावर उतरणारी विमाने जात. मग आखूड धावपट्टी झाली. पण एका वेळी बेटावर चारशेच पर्यटक, ही मर्यादा बेटाने पाळली. किती माणसे यावीत हे आधी ठरले आणि विमान त्याला जुळवून घेतले गेले. सेंट हेलेनाच्याच प्रशासनाशी जोडलेले ट्रिस्टन दा कून्या बेट आजही विमानाविना आहे. केपटाउनहून तिथे जहाजाने आठवडाभर लागतो आणि अडीचशेच्या आतल्या त्या वस्तीने जहाजावरच आपले जीवन बेतले आहे.

आपल्याकडे लक्षद्वीपचे उदाहरण आहे. अगत्तीचा विमानतळ 1988 मध्ये सुरू झाला. प्रवाळाच्या त्या चिंचोळ्या बेटावर धावपट्टी जेमतेम 1,200 मीटर बसते आणि कोचीहून छोटी विमाने येतात. बाकीच्या बेटांवर जायला जहाज, वेगवान नौका किंवा हेलिकॉप्टर. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपला जाण्याची देशभर लाट आली, पण आसने तेवढीच होती आणि बेटांवरचे गोडे पाणीही तेवढेच. धावपट्टी वाढवण्याच्या आणि मिनिकॉयला नवी बांधण्याच्या चर्चेत या दोन्ही गोष्टी एकत्र मोजायला हव्यात.

महाराष्ट्रात बेट नसलेल्या जागीही हाच धडा मिळाला. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हा कोकणात मोठा आनंद झाला होता. मुंबईची सेवा ‘उडान’ योजनेच्या मदतीवर होती. तीन वर्षांची मुदत संपल्यावर ती थांबली. इमारत होती, धावपट्टी होती, पण दुवा तुटला. कोकणाला निदान रेल्वे आणि महामार्ग आहेत. बेटाला तसा दुसरा पर्याय नसतो.

हिशेब कोणता मांडायचा

या सगळ्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. जागा ठरवण्याआधी निदान काही वर्षे वारा मोजला पाहिजे, आणि स्थानिक माणसांचे ऐकले पाहिजे. विमान कोणते येणार आणि ते कोण चालवणार हे धावपट्टी बांधण्याआधी ठरले पाहिजे. विमान आले म्हणून जहाज मोडीत काढू नये, कारण बेट पोसले जाते ते जहाजावर. पर्यटकांची मर्यादा बेटाच्या पाण्यावरून ठरवावी. आणि रहिवाशांसाठी, विशेषतः रुग्णांसाठी आणि शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी, परवडणाऱ्या भाड्यात राखीव आसने असावीत.

पण या सर्वांच्या मुळाशी हिशेबाचा प्रश्न आहे. सेंट हेलेनाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळवण्यासाठी, एक दिवस हा खर्च स्वतःच भरून निघेल, असे वचन द्यावे लागले. साडेचार हजार लोकांच्या जीवनावश्यक दुव्याला नफ्याचे रूप दिल्याशिवाय तो मान्यच झाला नसता, ही त्या निर्णयपद्धतीची खरी चूक. पुढचे सगळे त्यातून आले: मोठे विमान गृहीत धरणे, पर्यटकांचे फुगवलेले अंदाज, आणि ते फसल्यावर विमानतळच फसला असे मानणे. बांधून देणारी कंपनी 2018 मध्ये आर्थिक संकटात गेल्यावर विमानतळ चालवण्याची जबाबदारी बेटाच्या सरकारकडेच आली. शेवटी तो सार्वजनिक सेवा म्हणूनच चालतो आहे. सुरुवातीपासून तसाच धरला असता तर लहान विमान, माफक अपेक्षा आणि कायमचे अनुदान असा साधा, प्रामाणिक आराखडा झाला असता.

आपल्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. ‘गाव तिथे एसटी’ म्हणत महाराष्ट्राने सह्याद्रीतल्या आडगावांपर्यंत गाडी नेली, तेव्हा त्या प्रत्येक फेरीने डिझेलचे पैसे वसूल करावेत अशी अट घातली नव्हती. शाळेत जाणारी मुलगी, दवाखान्यात जाणारी म्हातारी आणि बाजाराला निघालेला शेतकरी यांना ती गाडी मिळाली पाहिजे, एवढाच तिचा हिशेब होता. जिथे तो हिशेब सोडून फेऱ्या बंद केल्या गेल्या, तिथे गावे रिकामी होत गेलेली आपण पाहिली आहेत.

सेंट हेलेनाच्या लोकांना ब्रिटनने नागरिक मानले आहे. नागरिक म्हणून मानले की त्यांना उपचारापर्यंत, शिक्षणापर्यंत आणि आपल्या माणसांपर्यंत पोचता येईल इतकी वाट राखणे हे राज्याचे कर्तव्य ठरते, मग ती माणसे साडेचार हजार असोत की साडेचार कोटी. तिचा खर्च दरवर्षी येणार, तो कधी पुरता वसूल होणार नाही, आणि तो उघडपणे कबूल करून अर्थसंकल्पात मांडला पाहिजे. अगत्तीला, मिनिकॉयला किंवा चिपीला उद्या कोणी नव्या सेवेचे आश्वासन देईल तेव्हा नागरिकांनी धावपट्टीची लांबी विचारावीच. पण त्याहून आधी विचारावे की दहाव्या वर्षी या सेवेचे पैसे कोण देणार आहे, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे.